लाळ श्वासनलिकेत उतरतच राहिली, तर श्वासाची वाट कायमची वेगळी करावी का?

मूळ मत
पक्षाघात, मेंदूची इजा किंवा एएलएससारखा (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी करणारा) आजार यांमुळे गिळण्याची क्रिया बिघडली, की लाळ आणि अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. अन्न देण्यासाठी पोटात नळी घातली म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या नळीने तोंडातून जाणारा घास तेवढा टळतो. लाळ झिरपतच राहते आणि जठरातले द्रव उलटून वर येण्याची भीतीही उरते. ट्रेकिओस्टॉमीच्या, म्हणजे मानेला छिद्र पाडून श्वासनलिकेत बसवलेल्या, नळीचा फुगा लाळ काही काळ अडवतो, पण वर साचलेली लाळ त्याच्या कडेने खाली जातेच. म्हणून ज्यांचे बोलणे गेलेलेच आहे, त्यांच्या बाबतीत फुप्फुसे खिळखिळी होण्याआधीच १९७५ मध्ये शल्यचिकित्सक लिंडेमन यांनी मांडलेल्या शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. यात श्वासनलिका आडवी छेदून खालचे टोक मानेवर उघडतात आणि वरचे अन्ननलिकेला जोडतात. पुढे रूढ झालेल्या प्रकारात वरचे टोक नुसते शिवून बंद करतात. दोन्हींत स्वरतंतूंपर्यंत श्वास पोहोचत नाही, म्हणून आवाज जातो.

प्रतिसाद १
असहमत. बोलणे गेले, हे ठरवायचे कोणी आणि केव्हा? पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे काही आठवड्यांत बरेच सुधारते. एकच स्वरतंतू लुळा असेल, तर त्याला मध्याकडे सरकवणारी थायरोप्लास्टी ही शस्त्रक्रिया आहे. लाळ आवरायला लाळग्रंथींत बोटुलिनम या स्राव घटवणाऱ्या द्रव्याची इंजेक्शने आहेत, जबड्याखालच्या ग्रंथी काढताही येतात. लिंडेमन यांची शस्त्रक्रिया पूर्ववत करता येते, हे तत्त्वतः खरे असले तरी त्या भरवशावर कोणाचा आवाज घेऊ नये.

प्रतिसाद २
थायरोप्लास्टीची भलामण जरा अतीच झाली. घशाची संवेदनाच गेलेल्या रुग्णाला लाळ खाली उतरताना ठसकासुद्धा लागत नाही. तिथे एक स्वरतंतू सरकवून काय साधणार? तरीही मूळ मताला माझा पाठिंबा नाही. मानेवरच्या छिद्रातून श्वास घेताना नाकाची ऊब आणि ओलावा मिळत नाही, स्राव घट्ट होतात, ते वारंवार ओढून काढावे लागतात आणि हे काम घरच्यांवर आयुष्यभरासाठी येते.

मूळ लेखक
पक्षाघातात थांबून पाहावे, हे मान्य. एएलएस मात्र वाढतच जातो, तिथे कशाची वाट पाहायची? स्राव ओढण्याचे म्हणाल, तर लाळ फुप्फुसांत जाणाऱ्या रुग्णाच्या घरी ते आजही रात्रंदिवस चालूच असते. शिवाय मार्ग वेगळे झाल्यावर काहींना तोंडाने पुन्हा खाता येते. ज्याला मानेने होकार-नकार देता येतो, त्याला हे सारे सांगून आधी त्यालाच विचारावे.