रेज विझला आणि ओगर आला: बार्बेरियन खेळणाऱ्यांनो, अनुभव लिहा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळात बार्बेरियन, म्हणजे रागाच्या भरात लढणारा योद्धा, घेतलेल्यांनी लिहा, मार खाल्लेल्यांनी आधी लिहा. सुरुवात माझ्यापासून. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो.

पहिली लेव्हल, १५ हिट पॉइंट (म्हणजे जीव, मार बसला की घटतो), हातात ग्रेटअ‍ॅक्स. लांडगे दिसले रे दिसले की मी रेज लावला, म्हणजे पिसाळलो; तेवढा वेळ शस्त्रांचा मार निम्माच लागतो. एक लांडगा पळाला, मी त्याच्या मागे. गाठता काही आला नाही. त्या फेरीत मी कुणाला मारलं नाही, मलाही कुणी मारलं नाही, म्हणून रेज विझला. इरेला पेटून दुसरा लावला. या लेव्हलला मिळतातच दोन, आणि भरून यायला पार्टीने आठ तास आडवं व्हायला हवं. आडवं कोण होतंय? पुढच्याच वळणावर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. त्याच्या सोट्याचे १३ बसले. रेजमध्ये असतो तर निम्म्यावर, म्हणजे ६ वर भागलं असतं. उरले २. पुढच्या फटक्याला मी जमिनीवर, आणि मग जगतोय की मरतोय याचे फासे टाकत बसलो. सगळे समोसे खात होते.

*

मी न्यू जर्सीत असते, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, माझा चौदा वर्षांचा मुलगा. घरात माझा आवाज कधी चढत नाही, म्हणून त्याने मुद्दाम मला बार्बेरियन दिला. दुसऱ्या लेव्हलला बेफाम हल्ला मिळतो: वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे, मोठा आकडा आपला. बदल्यात शत्रूलाही आपल्यावर तीच सवलत. मी म्हटलं, असू दे. वीस पडले, म्हणजे माराचा फासा दोनदा! बारा बाजूंचा फासा दोनदा टाकताना मी एवढ्याने ओरडले की नवरा खाली बघायला आला.

*

माझं मत वेगळं आहे. "मी मारतो. परत मारतो." दोन तासांच्या लढाईत हेच. तिसऱ्या सेशनला विझार्ड, म्हणजे जादूगार, घेतला.

*

वरच्यांना: यात डीएमचाही दोष असतो, मी स्वतः तो केलाय. बार्बेरियनवर बाण सोडायचेच नाहीत, निम्मंच लागणार म्हणून. थेट आगीचे मंत्र टाकायचे, कारण आगीपुढे साधा रेज चालत नाही. असं केलं की खेळणारा कंटाळणारच. त्याच्यावर बाण सोडा, छातीवर झेलण्यातच त्याची मजा आहे. आणि फोडायला दारं द्या, उचलायला शिळा द्या. रेजमध्ये ताकदीच्या कामांनाही दोन फासे मिळतात, हे निम्म्या टेबलांवर कुणाच्या लक्षातच नसतं.

*

दाराचं म्हणालात म्हणून. आमच्याकडे दिवसातला शेवटचा रेज लावून दार फोडलं. कडी लावलेलीच नव्हती.