मेथडिस्ट पाद्री ते लोकप्रिय कादंबरीकार: एडवर्ड एगल्स्टन कुठून वाचायला घेऊ?

ओहायोकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही अलीकडेच दक्षिण इंडियानात राहायला आलो. इथल्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याला वाचनगट जमतो. पुढच्या वेळी पुस्तक सुचवायची पाळी माझी आहे. अट एकच, लेखक याच मुलखातला हवा. ग्रंथपालबाईंनी एडवर्ड एगल्स्टन हे नाव दिलं आणि वर "आधी तो मेथडिस्ट पाद्री होता बरं का" असंही सांगितलं (मेथडिस्ट म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ).

वरवर शोधलं तेव्हा इतकं कळलं: जन्म १८३७, ओहायो नदीकाठचं व्हेव्ही हे गाव. विशी गाठायच्या आत घोड्यावरून गावोगाव फिरणारा प्रचारक. मग मिनेसोटात पाळक, मग शिकागोत मुलांच्या मासिकाचा संपादक, मग न्यूयॉर्कला पत्रकार, मग कादंबरीकार, आणि शेवटी इतिहासकार. १९०२ ला गेला. एका आयुष्यात एवढे उद्योग म्हणजे कमाल आहे.

आता प्रश्न. कुठल्या पुस्तकापासून सुरू करू? पाद्र्याने लिहिलंय म्हणजे पानोपानी प्रवचन असेल का? आणि जुन्या इंडियानातली बोली छापलेली दिसते, ती झेपेल का? लेक सातवीत आहे, तिला यातलं काही वाचून दाखवता आलं तर दुधात साखर.

जीर्णपान

डोळे झाकून 'द हूसियर स्कूलमास्टर' घ्या (हूसियर म्हणजे इंडियानाचा माणूस). त्याची पहिली कादंबरी आणि आजही नाव टिकलंय ते हिच्याच जोरावर.

जन्मकथा गमतीची आहे. १८७१ मध्ये तो 'हार्थ अँड होम' या साप्ताहिकाचा संपादक झाला. अंकात गोष्ट हवी होती, म्हणून स्वतःच लिहायला बसला. दोन-चार भागांत आटपायचं असा बेत होता. त्याच सुमारास त्याने तेन या फ्रेंच समीक्षकाचं डच चित्रकलेवरचं पुस्तक वाचलं होतं. कलावंताने स्वतः पाहिलेलंच रंगवावं, हा त्यातला मुद्दा त्याच्या मनात बसला. मग पाहिलेलं काय, तर दक्षिण इंडियानातल्या एकखोली शाळा, दांडगट पोरं, चिखल. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज पोरवयात मॅडिसनजवळच्या अशाच एका शाळेत मास्तर होता, त्याचे अनुभव कामी आले. वाचकांनी उचलून धरल्यावर गोष्ट लांबत गेली आणि वर्षअखेरीस पुस्तकही निघालं. पुढच्या वर्षी ती फ्रेंचमध्येही छापली गेली.

कथा अशी: राल्फ हार्टसूक हा तरुण मास्तर फ्लॅट क्रीकच्या शाळेत नोकरी मागायला जातो. आधीच्या मास्तरांना पोरांनी पळवून लावलेलं. तिथले म्हातारे सरळ सांगतात की छडीशिवाय विद्या नाही. पहिल्याच प्रकरणात राल्फ एका बुलडॉगकडून धडा घेतो: एकदा पकडलं की सोडायचं नाही.

लेकीला चौथं प्रकरण वाचून दाखवा. गावात स्पेलिंगची स्पर्धा भरते. स्क्वायर हॉकिन्स शब्द देतोय, सगळं गाव शाळेत दाटीवाटीने बसलंय. मास्तर गावच्या पहिलवान स्पेलरला हरवतो आणि मग 'डॅगेरोटाइप' (छायाचित्राचा एक जुना प्रकार) या शब्दावर स्वतःच अडखळतो. तो शब्द बरोबर सांगते हॅना, ज्या घरी मास्तर उतरलाय तिथेच राबणारी बांधील मोलकरीण. तोवर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. पुस्तक गाजल्यावर १८७० च्या दशकात अमेरिकेत स्पेलिंग स्पर्धांची लाटच आली, तिला या प्रकरणाने चांगलाच हात दिला. आज आपल्या घरांतली मुलं त्या स्पर्धा गाजवतात, तेव्हा लेकीला हे ओळखीचं वाटेल.

पाळकांचा नातू

जीर्णपान यांच्या मताचा आदर ठेवून विरोधी मत देतो. ओहायोकाठची ताई, तुमच्या शीर्षकात 'मेथडिस्ट पाद्री' आहे ना? मग 'द सर्किट रायडर' (१८७४) घ्या, म्हणजे घोड्यावरून फेरी मारणारा प्रचारक. स्कूलमास्टरमध्ये पाद्री लेखकाच्या आडून बोलतो. इथे तो जगलेलं आयुष्य उघडपणे मांडतो.

माझे आजोबा मराठवाड्यात मेथडिस्ट पाळक होते. त्यामुळे या पुस्तकातलं बरंच काही मला परकं वाटलंच नाही. मेथडिस्टांत पाळक एका गावाचा नसतो. वार्षिक परिषद भरते, बिशप नेमणुका वाचून दाखवतात, आणि नाव आलं की ट्रंक उचलायची. एगल्स्टनच्या काळी नियम आणखी कडक होता. १८६४ पर्यंत एका ठिकाणी जास्तीत जास्त दोन वर्षं. तो सेंट पॉल, स्टिलवॉटर, विनोना असा हिंडत राहिला त्यामागे प्रकृती जशी होती तसा हा नियमही होता.

नव्या वस्तीच्या सरहद्दीवर तर चर्च नाही, गावही नीट वसलेलं नाही. मग एका प्रचारकाला दहा-वीस ठिकाणांचं वर्तुळ नेमून द्यायचं. खोगिराच्या पिशव्यांत बायबल, गीतांचं पुस्तक, एखादा सदरा. फेरी पुरी करून चार-सहा आठवड्यांनी परत पहिल्या ठिकाणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाचा भत्ता ऐंशी ते शंभर डॉलर, तोही पुरता हाती पडेल याची खात्री नाही. नदीला पूर, हिवताप, उघड्यावर झोप. कित्येक जण तिशीच्या आत गेले. एगल्स्टनने स्वतः १८५६ मध्ये आग्नेय इंडियानात अशी फेरी घेतली आणि सहा महिन्यांत त्याची तब्येत ढासळली. म्हणून तर त्याला कोरड्या हवेच्या मिनेसोटात जावं लागलं.

कादंबरीत दोन मित्र आहेत. मॉर्टन गुडविन हा उमदा, जुगारी, घोड्यांचा शौकीन. काइक लम्सडेन हा रागीट, जमिनीच्या भांडणातून सख्ख्या काकाच्या जिवावर उठलेला. दोघेही प्रचारक होतात, पण एकसारखे नाही. मॉर्टनला घोड्यावरची रपेट, धोका, भांडखोरांना अंगावर घेणं हे सगळं मानवतं. काइक स्वतःला जाळत जातो. एगल्स्टन काइकचं कौतुक करतो आणि त्याच वेळी असं स्वतःला मारून घेणं बरोबर का, हा प्रश्नही सोडत नाही. मला यातच तो मोठा लेखक वाटतो. पुस्तक त्याने आपल्या त्या जुन्या सोबत्यांनाच अर्पण केलंय.

आणि मॅग्रूडर नावाचा प्रचारक! वाटेत दोन गुंड त्याला चोपायला येतात, तर तोच त्यांना चोपून पुढच्या गावी प्रवचनाला जातो. प्रवचनं आहेत पुस्तकात, पण ती घटना म्हणून येतात. कुणीतरी बोलतं आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य उलटंपालटं होतं.

टवाळ_पांडुरंग

एक शंका. मेथडिस्टांना तर म्हणे कादंबरी वाचणंच पाप. मग हा गडी कादंबऱ्या लिहून छापतो आणि कुणी काही बोलत नाही?

पाळकांचा नातू

पांडुरंगराव, शंका रास्त आहे. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये घालून दिलेल्या सर्वसाधारण नियमांत स्पष्ट आहे की देवाचं ज्ञान किंवा प्रेम वाढवत नाहीत अशी गाणी गाऊ नयेत आणि असली पुस्तकं वाचू नयेत. एगल्स्टनचे वडील वकील होते, ते लवकर वारले, आणि आईने पुढे लग्न केलं ते मेथडिस्ट पाळकाशीच. तेव्हा हा नियम त्याच्या घरातलाच. पुस्तकांचा नादही त्याच घरात लागला. ही ओढाताण त्याला जन्मभर पुरली.

तो एका दिवसात पाद्र्याचा कादंबरीकार झाला नाही. मधली पायरी होती मुलांची मासिकं आणि शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या) शिक्षकांसाठीचं नियतकालिक. १८६६ नंतर शिकागोत त्याने हीच कामं केली. धर्माच्या अंगणात राहून गोष्टी सांगायची परवानगी तिथे होती. आणि कादंबरीकार म्हणून नाव झाल्यावरही १८७४ ते १८७९ तो ब्रुकलिनमध्ये पाळक होताच. फक्त ते चर्च मेथडिस्ट नव्हतं. त्याचं नाव 'चर्च ऑफ क्रिश्चन एंडेव्हर'. स्कूलमास्टरमधलं बड मीन्स या दांडगट पोराचं 'चर्च ऑफ द बेस्ट लिक्स' वाचा, म्हणजे नातं लक्षात येईल. बडला सिद्धांत कळत नाहीत, पण देवासाठी अंगमेहनत करायची त्याची तयारी आहे. एगल्स्टन हळूहळू त्याच मुक्कामाला आला.

तारखांचा एक योग सांगून थांबतो. १८७१ च्या शेवटच्या महिन्यांत स्कूलमास्टरची गोष्ट न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात चालू होती, तेव्हाच विल्यम टेलर हे मेथडिस्ट प्रचारक मुंबईत सभा घेऊ लागले आणि आमच्या मेथडिस्ट मंडळीची (चर्चची) तिथली सुरुवात झाली.

गोधडी

मी जरा थंड पाणी ओतते. स्कूलमास्टर मी वाचलंय. स्पेलिंगचं प्रकरण झकास, हार्डशेल बॅप्टिस्ट या कर्मठ पंथाच्या प्रवचनकाराची नक्कल तर पोट धरून हसायला लावते (प्रत्येक तुकड्याच्या शेवटी "आह" लावत ओरडतो तो). पण कथानक? घरफोडी, ढोंगी डॉक्टर खलनायक, निरपराध मास्तरवर आळ, कोर्टात सगळा उलगडा. हे त्या काळच्या कुठल्याही साप्ताहिकात मिळेल. राल्फ इतका सज्जन आहे की मला जांभई आली. लेखकातला पाद्री तिथे जागा होतो. चांगल्याला बक्षीस आणि वाईटाला शिक्षा दिल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

मोठ्यांच्या वाचनगटाला 'रॉक्सी' (१८७८) द्या. जागा व्हेव्हीसारखीच, काळ १८४० च्या निवडणुकीचा. रॉक्सी धार्मिक, त्यागाची स्वप्नं पाहणारी मुलगी. ती एका बोलघेवड्या, महत्त्वाकांक्षी पुढाऱ्याशी लग्न करते आणि तो दुसऱ्या बाईत गुंततो. पुढचं सांगत नाही. पण क्षमा म्हणजे काय आणि ती करणाऱ्याला केवढ्याला पडते, हे त्याने इथे सोपं करून टाकलेलं नाही. पाद्रीपणाचा खरा उपयोग मला याच पुस्तकात दिसला. लोक चार भिंतींआड काय कबूल करतात हे ऐकलेला माणूस लिहितोय असं वाटतं.

जीर्णपान

गोधडी, कथानकाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मीसुद्धा चोरीचा भाग भराभर उलटला होता. तरी पहिलं पुस्तक म्हणून माझं मत तेच. बोली कळली की बाकीची पुस्तकं सोपी जातात.

बोलीबद्दल: डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने वाचा. वऱ्हाडी संवाद छापील दिसले की पुणेकर जसा अडखळतो आणि कुणी म्हणून दाखवले की लगेच हसतो, तसंच आहे हे. दहा पानांत कान तयार होतो.

बखरबहाद्दर

इतिहासाच्या बाजूने दोन शब्द.

'द ग्रेसन्स' (१८८८) कुणी सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटलं. त्यात तरुण वकील अब्राहम लिंकन आहे. १८५८ मध्ये लिंकनने इलिनॉयमध्ये एका खुनाच्या खटल्यात पंचांग काढून दाखवलं होतं. साक्षीदार म्हणत होता की चांदण्यात सगळं स्वच्छ पाहिलं, आणि पंचांगाप्रमाणे चंद्र त्या वेळी मावळतीला टेकलेला. एगल्स्टनने ती घटना घेऊन तिच्याभोवती कादंबरी रचली. वाचनगटात पुरुष मंडळी असतील तर हे चालेल (टोमणे अपेक्षित आहेत).

'द एंड ऑफ द वर्ल्ड' (१८७२) हे नाव ऐकून घाबरू नका. १८४३ मध्ये जग बुडणार असा मिलरपंथीयांचा (विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांचा) गलका झाला होता, त्यावर आहे. धर्माच्या नावाने गाव कसं वेडं होतं हे एका माजी प्रचारकाने लिहिलंय, म्हणून वाचनीय. प्रेमकथा मात्र ठीकठाक.

कादंबऱ्यांनंतर तो इतिहासाकडे वळला. 'द बिगिनर्स ऑफ अ नेशन' १८९६ चं. १९०० मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचा तो अध्यक्ष होता. लढाया आणि राजकारण बाजूला ठेवून लोक काय खात होते, कसं बोलत होते, कशाला भीत होते हे लिहा, असा त्याचा आग्रह. विद्यापीठाची पायरी न चढलेला माणूस हे सांगत होता. पण फ्लॅट क्रीकची बोली टिपून ठेवताना तो तेच तर करत होता.

चरित्र हवं असेल तर भाऊ जॉर्जने १९०३ मध्ये लिहिलेलं 'द फर्स्ट ऑफ द हूसियर्स' आहे. भावाने लिहिलंय, तेव्हा मीठ चवीपुरतं. हा जॉर्ज यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढला होता आणि एडवर्ड गुलामगिरीचा विरोधक, हे लक्षात ठेवून वाचा.

नदीपलीकडचा

मी केंटकीत राहतो, व्हेव्हीला जाऊन आलोय. छोटंसं, निवांत गाव. स्विस लोकांनी वसवलं, त्यांनी द्राक्षमळे लावले, काउंटीचं नावच स्वित्झर्लंड. ऑगस्टच्या शेवटी वाइनचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी होते. दोघा एगल्स्टन भावांचं घर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे. मी रस्त्यावरूनच पाहिलं. नुसतं घर बघायला म्हणून लांबून जाऊ नका, पण नदीकाठच्या रस्त्याने मॅडिसनपर्यंत गाडी काढलीत तर दिवस सार्थकी लागेल.

ओहायोकाठची

मंडळी, इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

ठरवलं ते असं: वाचनगटाला 'द सर्किट रायडर'. नातूसाहेबांनी बाजी मारली. आमच्या गटात दोन निवृत्त मेथडिस्ट पाळकबाई आहेत, त्या काइकवरून भांडतील अशी आशा आहे. लेकीला चौथं प्रकरण. 'रॉक्सी' मी स्वतःसाठी ठेवते. गोधडीताई, वाचून झालं की तुम्हाला व्यनि करते.

एकच राहिलं. स्कूलमास्टरच्या खूप आवृत्त्या दिसताहेत. कुठली घेऊ?

जीर्णपान

१८९२ ची सुधारलेली आवृत्ती. तिला त्याने नवी प्रस्तावना जोडली आहे, पुस्तक कसं घडलं ते तिथे त्याच्याच शब्दांत मिळेल, आणि बोलीतल्या शब्दांवर तळटीपाही आहेत. प्रताधिकार केव्हाच संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येते. स्वस्तातली नवी छापील प्रत घेणार असाल तर आधी आतली पानं चाळा. काहींमध्ये टीपा गाळलेल्या असतात.