मदत हवी आहे: बिग बँग सोडून बाकीच्या थिअऱ्यांपैकी आज टिकून कोणत्या आहेत?

नमस्कार मंडळी, मी वसमतचा. बीएस्सी फिजिक्स करून पंधरा वर्षं झाली, आता कृषी केंद्र चालवायलोय त्यामुळं डोक्यात फिजिक्सपेक्षा सोयाबीनच्या बॅगाच जास्त. भाचा दहावीला आहे, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला बोलायचंय, विषय विश्वाची सुरुवात, पण त्याला बिग बँग (विश्व एका लई गरम अन् दाट अवस्थेतून पसरत आलं ही थिअरी) नको, "ते सगळेच सांगतेत मामा, दुसरं काढा काहीतरी." घरी प्रॅक्टिस घेतली तर आई चहा गाळता गाळता म्हणली, फुटलं फुटलं म्हणायलास, पण फुटायच्या आधी काय होतं ते सांग की. आम्ही दोघं बी गप.

मग वाचायला बसलो. १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत लई आवडला, हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांचा: विश्व पसरतंय पण मधल्या जागेत नवीन पदार्थ थोडा थोडा तयार होत राहतो, म्हणून दाटी तेवढीच राहते अन् सुरुवात म्हणून काही नाहीच. (बिग बँग हे नाव बी हॉईलनीच पाडलेलं, १९४९ ला बीबीसी रेडिओवर. घ्या!) पण पुढं १९६५ ला पेन्झियस-विल्सनचं ते सगळीकडून येणारं २.७ केल्विनचं रेडिएशन जाहीर झालं, ते गरम सुरुवातीचा उरलेला उजेड मानलं गेलं अन् थिअरी मागं पडली. तरी १९९३ ला हॉईल, बर्बिज आणि आपले नारळीकर सर परत नवीन रूप घेऊन आले, विश्व पसरतं-आकसतं अन् ते रेडिएशन म्हणजे ताऱ्यांचाच उजेड, लोखंडाच्या बारीक सुयांनी शोषून परत सोडलेला. इथं माझी गाडी अडकली. हे का पटलं नाही लोकांना? अन् पोरानं स्टेजवर सरांची थिअरी हरली म्हणलं तर बरं दिसंल का? शिवाय आपल्या औंढ्याला लायगो (गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा) व्हायलंय, त्यानं याचा निकाल लागंल का?

प्रतिसाद:
दादा, आधी दोन ढीग करा. पहिल्यात विश्व कधी गरम अन् दाट नव्हतंच म्हणणारे. झ्विकीचा १९२९ चा दमलेला प्रकाश यातच, म्हणजे विश्व पसरत नाही, प्रकाशच वाटेत ऊर्जा गमावतो. पण तसं असतं तर लांबचे सुपरनोव्हा (फुटणारे तारे) विझायला जास्त वेळ घेताना दिसले नसते, अन् ते दिसतात. सुयांचं म्हणाल तर त्या रेडिएशनमध्ये जे बारीक चढउतार मोजलेत त्यांचा नेमका नमुना गरम सुरुवातीतून सरळ निघतो, सुयांतून तसा काढता येत नाही. शिवाय लांब बघणं म्हणजे जुनं बघणं, अन् जुन्या काळात रेडिओ लहरी सोडणारे स्रोत जास्त होते हे खगोलशास्त्रज्ञ राईलच्या मोजणीत आलं, मूळ स्थिर स्थितीला तिथंच मोठा धक्का बसला होता.

दुसऱ्या ढिगातले गरम दाट काळ मान्य करतात, फक्त त्याच्या आधी काय एवढंच विचारतात. म्हणजे तुमच्या आईचा प्रश्न! भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांच्या लूप क्वांटम (गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियम लावणाऱ्या) गणितात आधीचं विश्व आकसत येऊन उसळी घेतं, पेनरोज म्हणतात एका विश्वाचा शेवट तीच पुढच्याची सुरुवात. सिद्ध काहीच नाही, पण वाद चालू आहे.

लायगोचं काम कृष्णविवरांच्या टकरी वगैरे पकडायचं. विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींचा माग आत्ता त्या रेडिएशनच्या ध्रुवीकरणातच (त्याच्या लहरी कोणत्या दिशेनं डोलतात त्यात) काढायलेत.

अन् हरली म्हणण्यात अपमान कसला. मोजून खोटं ठरवता येईल असं काही मांडलं होतं, हेच सांगू द्या पोराला.

धागाकर्ता:
लई आभार. भाचा आता आजीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो म्हणायलाय. फक्त सातच मिनिटं आहेत, पेनरोज कापू का दमलेला प्रकाश?

प्रतिसाद:
पेनरोज. दमलेला प्रकाश ऐकून पोरं हसतील तरी.