चैतातला उरलेला बर्फ: तुमचे अनुभव सांगा

यंदा रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, आटोपली की आम्ही चौघं इंदूरहून ऋषिकेशची गाडी पकडणार, तिथून सांकरी गाव आणि मग उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर. उंची 3,800 मीटर. आमचा सराव म्हणजे दर रविवारी इंदूरजवळची जानापावची टेकडी, आणि बर्फाशी ओळख म्हणजे राजवाड्यावरचा गोळा. तिकडे मार्चअखेर अर्धी वाट मातीची, अर्धी उरलेल्या बर्फाची असते. तो बर्फ वागतो कसा, ते जाऊन आलेल्यांनी सांगा. ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे पत्रकांत वाचून झालंय. फजिती झाली असेल तर आधी ती.

रामबागवाला

फजितीच सांगतो, केदारकंठ्याचीच. एप्रिलचा पहिला आठवडा. वाटाड्या अडीचला उठवत होता, मी म्हटलं, भिया, चारला निघू, असा काय फरक पडतो! चढताना खरंच पडला नाही. बर्फ फरशीसारखा कडक, टाच जेमतेम रुतायची. माथ्यावर फोटो काढत बसलो. उतरायला लागलो तोवर ऊन चांगलं चढलं होतं आणि तोच बर्फ भिजलेल्या रव्यासारखा झालेला. पाय मांडीपर्यंत आत. एक उपसावा तर दुसरा जातो. दोन तासांच्या उताराला चार लागले. झाडाच्या बुंध्याशी आणि खडकाच्या कडेला तर फारच जपा. खडक उन्हाने तापतो, लगतचा बर्फ आतून वितळतो. वरून सपाट, खाली पोकळी. माझी नडगी तिथेच सोलली. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटाला खालून अडकवायचे दाते, होते, पण त्यांची मजा कडक बर्फावर. मऊ बर्फात त्यांना खाली लाडू चिकटतात, ते काठीने ठोकून पाडत बसा. गेटर, म्हणजे बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीला बांधायची गवसणी, मात्र भाड्याने घ्याच. मी तेवढे पैसे वाचवले आणि संध्याकाळपर्यंत ओल्या मोज्यांत बोटं बधिर.

सुदामानगर

काळा चष्मा, ढग असले तरी. ताजा बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. मी मोठी टोपी घालून निर्धास्त होतो, ऊन आलं खालून. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलो. घरी आईने नाकाला तूप लावलं, हसत हसत.

लोकमान्यनगरची काकू

रामबागवाल्या, तुझं पहाटे निघणं सगळीकडे चालत नाही हो. मी एकसष्टाव्या वर्षी मार्चमध्ये तुंगनाथला गेले. देऊळ तेव्हा बंद, देव हिवाळ्यापुरते खाली मक्कूमठला. चोपत्यापासून साडेतीनेक किलोमीटर, फरसबंद वाट. आणि घोटाळा त्या फरशीचाच! दिवसा वितळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं, रात्री तिथेच गोठतं. पहाटे नुसती काच. पाच-सहा मुलं आमच्यापुढे ऐटीत निघाली आणि पहिल्याच वळणावर एकामागून एक बसली. मी चहा घेत नऊपर्यंत थांबले, ऊन फरशीवर आलं, मग निघाले. खाली बुरांश लालभडक फुललेला, चार पावलं वर गेलं की पांढरं. असं दृश्य मी दुसरीकडे पाहिलं नाही. उशीर झाला म्हणून देवळापासूनच परतलो. देवळावरचा चंद्रशिलेचा माथा राहिला, त्याची चुटपुट यांना अजून आहे. मला नाही.

दोनदा हर-की-दून

ओढ्यावर साचलेल्या बर्फावरून पलीकडे जायची वेळ आली तर आधी गप्प उभे राहा आणि ऐका. खालून पाणी खळखळताना ऐकू आलं तर मधला भाग पातळ झालाय असं समजा. आमचा वाटाड्या काठी खुपसत गेला, मधोमध ती आरपार शिरली. तसाच मागे आला आणि आम्हाला वर नेऊन दगडांवरून पलीकडे नेलं, तासभर जास्त लागला. आणि ओढा ओलांडायचाच असेल तर सकाळी. दुपारी वरचा बर्फ वितळून सकाळचं घोट्याएवढं पाणी गुडघ्याला लागतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अडीचला उठायचं ठरलं, कुरकुर करणाऱ्याला रामबागवाल्याची नडगी दाखवू. चौथा गडी शेतातले गमबूट आणतोय, चालतील का?

लोकमान्यनगरची काकू

पाणी आत जाणार नाही, पण टाच आत घसरेल. उतरताना बोटांची नखं काळी पडतील. त्याला बूट भाड्याने घ्यायला लाव. आणि लवंगाची शेव दोन पाकिटं जास्त न्या, वर सगळेच मागतात.