लीचेट आणि प्लास्टिसायझर: वाचून दाखवता येतील असे मराठी शब्द हवेत

रानवाट:
पुण्याजवळच्या फुरसुंगी-उरुळी देवाचीकडच्या विहिरींबद्दलचं एक इंग्रजी टिपण मराठीत करते आहे. बायकांच्या बैठकीत मोठ्याने वाचायचं आहे. अडलंय एका वाक्यावर: कचरा डेपोतल्या लीचेटबरोबर, म्हणजे ढिगातून निथळणाऱ्या घाण पाण्याबरोबर, प्लास्टिसायझर (प्लास्टिक लवचीक व्हावं म्हणून घातलेली रसायनं) मातीत आणि भूजलात जातात. पहिल्या मसुद्यात 'निक्षालितामार्फत सुघट्यकारी द्रव्ये' असं लिहिलं. ऐकून एका आजींनी विचारलं, "हे औषध हाय का रोग?" लीचेटचं काहीतरी जमेल, पण प्लास्टिसायझरला काय म्हणू?

खडूफळा:
निक्षालन टाकू नका. जांभ्या मातीबद्दल वाचताना हा शब्द भेटतो: कोकणातला पाऊस मातीतले क्षार धुऊन खाली नेतो. क्षालन म्हणजे धुणं, इतकं सरळ आहे. आज आजींना कळत नाही म्हणून सोडला, तर नातवालाही कधी कळणार नाही.

माळरान:
झिरप म्हणा. नाहीतर पाझर.

ओवी:
पाझर नको हो! पाझर तलाव दुष्काळात गाव जगवतो, माणसाला दयेचा पाझर फुटतो. हा शब्द विषाला लावू नये. आमच्याकडे तांदूळ धुतलेल्या पाण्याला धुवण म्हणतात. 'कचऱ्याचं धुवण' कसं वाटतं? पावसाचं पाणी ढिगातून उतरतं, आतलं सगळं धुऊन खाली आणतं. अर्थ नेमका बसतो.

माळरान:
धुवण आम्ही गाईला पाजतो. ह्या पाण्याला तो शब्द लावायला जीभ रेटत नाही.

चिकित्सा:
पाझर आणि झरा दोन्ही संस्कृतातल्या 'क्षर'कडे (वाहणे, गळणे) जातात. प्र+क्षर, प्राकृतात पज्झर, मराठीत पाझर. झिरपणेही मला त्याच घरातलं वाटतं. पाझर चांगला आणि झिरप वाईट हा भेद मुळात नाही, वापराने आलेला आहे.

ओवी:
वापराने आला म्हणजे आलाच की. बोलताना मूळ कोण बघतं?

नरमनळी:
मी नरम पीव्हीसीच्या धंद्यात आहे. आमच्याकडे प्लास्टिसायझर असं कोणी म्हणत नाही, 'डीओपी' म्हणतात. तेलासारखा बिनरंगी द्रव असतो, ड्रममधून येतो. पीव्हीसी मुळात कडक. त्यात हे मिसळलं की रेक्झिन होतं, बागेची नळी होते, वायरीचं आवरण होतं, रक्ताची पिशवी होते. (पाण्याच्या कडक पाइपात हे घालत नाहीत, बैठकीत तेवढं सांगा.) मुद्दा असा की ते प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या मधे नुसतं शिरून बसलेलं असतं. म्हणून जुन्या गाडीची रेक्झिनची सीट कडक होऊन तडकते. क्रियापद 'सुटणे' घ्या. मसाला परतताना तेल सुटतं, तसं प्लास्टिकमधून हे सुटतं.

रानवाट:
'सुटतं' घेतलं. पण तेल म्हटलं की बायका पाण्यावर तवंग शोधतील. हे डोळ्याला दिसत नाही. पाणी काळं नाही म्हणजे चांगलं आहे, असा समज झाला तर टिपण न वाचलेलंच बरं.

गाळपेर:
भीती रास्त आहे. आणि 'झिरपतं' हे सरसकट वापरू नका. डीओपी, म्हणजे पुस्तकातलं डीईएचपी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीतल्या सेंद्रिय कणांना आणि गाळाला धरून राहतं, गढूळपणाबरोबर हलतं. त्याच कुळातले डायमिथाइल आणि डायइथाइल थॅलेट हलके, ते पाण्यात उतरून पुढे जातात. हवा खेळती असेल तर मातीतले जिवाणू ह्यांचा फडशा पाडतात. ढिगाच्या पोटात हवा नाही, तिथे तेच काम रेंगाळतं. म्हणून दोन क्रियापदं हवीत: मातीला चिकटतं, पाण्यात उतरतं. विहिरीतला गाळ उपसताना हा फरक कळायला हवा. ह्यांतली काही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) कामात ढवळाढवळ करतात. डीईएचपी प्रजननाला घातक, म्हणून युरोपने २००५ साली त्याला लहान मुलांच्या खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. हेही टिपणात असू द्या.

खडूफळा:
'मार्दवक' सुचवतो. मृदू, मार्दव, मार्दवक.

ओवी:
मार्दव आवाजात असतं. 'नरम करणारं रसायन' म्हणा.

खडूफळा:
नरम फारसी आहे.

नरमनळी:
आणि डेपो फ्रेंच आहे. तो कसा चालला?

सोनटक्का:
डेपोचं मी कधीपासून म्हणते आहे! मुंबईत डंपिंग ग्राउंड, पुण्यात कचरा डेपो. डेपो म्हणजे आलेलं पुन्हा बाहेर जातं ती जागा: एसटी डेपो, लाकडाचा डेपो. देवनारला १९२७पासून कचरा पडतोय, तो कुठे गेला? असा शब्द वापरून आपण प्रश्न झाकतो. सरळ उकिरडा म्हणावं.

माळरान:
अजिबात नाही. उकिरड्याचं खत होतं, पावसाळ्याआधी गाडीत भरून ते शेतात जातं. पीव्हीसीच्या ढिगाला उकिरडा म्हणू नका.

रानवाट:
मंडळी, प्लास्टिसायझर राहिलंच. सध्या 'प्लास्टिक नरम करणारं रसायन' लिहिते, पुढे 'डीओपी'.

चिकित्सा:
संस्कृतात 'उत्कर' म्हणजे उपसून टाकलेला ढीग. उकिरडा त्याच्याशी जोडतात. त्यात खत कुठे आलं?

माळरान:
आमच्या उकिरड्यात आलं. तुमच्या उत्करात नसेल.