मदत हवी आहे: सरड्याची अंडी सातव्या महिन्यात चेपली आहेत

रानजाई:
मुक्काम ऑस्टिन, टेक्सास. लेकाच्या हट्टापायी घरात आलेली आमची चिंगी म्हणजे व्हेल्ड कॅमेलियन, येमेन-सौदीकडचा तो डोक्यावर शिखा असलेला सरडा. फेब्रुवारीत मैत्रिणीचा नर दोन दिवस पाहुणा म्हणून आणला होता. तो परत गेला आणि चिंगी काळपट झाली, अंगावर पिवळे-निळे ठिपके, जवळ गेलं की तोंड वासून फिस्स! तेव्हाच काय ते कळलं. बादलीत फूटभर ओली वाळू भरून ठेवली. ९ मार्चला बाईंनी दिवसभर बोगदा उकरला, बाहेर फक्त शेपटीचं टोक. संध्याकाळी वर आली ती वाळूने माखलेली, पोट खपाटीला गेलेलं, आणि तशीच खड्डा बुजवत बसली. आई पुण्याहून रोज फोनवर विचारायची, "झाली का गं मोकळी?"

३८ अंडी निघाली. चमच्याने उचलली, अजिबात न फिरवता, वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून. प्लास्टिकच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारा खनिजाचा हलका भुगा) आणि पाणी वजनाने निम्मंनिम्म, त्यात अंडी अर्धी रुतवली. झाकणाला दोन बारीक भोकं. इन्क्युबेटर घेतला नाही, कारण आमच्या कपाटात ७८-७९ फॅरनहाइट (म्हणजे २६ सेल्सियस) आपोआपच असतं. पहिल्या महिन्यात सहा अंडी पिवळी पडली, बुरशी धरली, ती काढून टाकली. बाकीची ३२ पांढरीशुभ्र, हळूहळू फुगत गेलेली. मे महिन्यात अंधार करून टॉर्च लावला तर आत लाल शिरा दिसल्या. लेक घरभर नाचला.

मग घोळ झाला. जुलैत आम्ही तीन आठवडे पुण्याला. आलो तर एसी बंद, घरात ९१. किती दिवस बंद होता, देव जाणे. अंडी मात्र तेव्हा ठीक दिसली. आता ऑक्टोबर उजाडला, सात महिने होत आले आणि परवापासून वीसेक अंड्यांना वरून खळगी पडली आहे, पिंगपाँगचा चेंडू अंगठ्याने दाबावा तशी. वास नाही, बुरशी नाही. पिल्लं निघायच्या आधी अंडी जराशी बसतात असं वाचलं होतं. हे तेच का? की सुकली? वरून पाणी फवारू का? झाकणावर माझ्या अक्षरात "९ मार्च, ३८, ६१२ ग्रॅम" (अंड्यांसकट डब्याचं वजन) लिहिलेलं आहे, एवढीच काय ती माझी नोंदवही.

बेडूकराव:
फवारू नका!! आधी सांगा, अंड्यांवर घामासारखे बारीक थेंब आहेत का? निघायची वेळ झाली की बहुतेक वेळा आधी घाम येतो, मग अंडं बसतं.

रानजाई:
नाही. कोरडी ठणठणीत.

बेडूकराव:
मग ही तहान आहे. आणि ते ६१२ तुम्ही लिहून ठेवलंत हे फार बरं केलंत. अंडी फुगतात ती डब्यातलंच पाणी पिऊन, त्यामुळे अख्ख्या डब्याचं वजन त्याने बदलत नाही. जे घटलं ते भोकांतून उडालेलं. डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा.

रानजाई:
५६० भरला.

बेडूकराव:
५२ कमी. काढलेल्या सहा अंड्यांचे दहा धरा. राहिले चाळीसेक ग्रॅम, तेवढं पाणी द्यायचं. गार नको, खोलीत ठेवलेलं. ड्रॉपरने डब्याच्या कडेकडेने, दोन दिवसांत थोडं थोडं करून. अंड्यावर थेंब पडू देऊ नका आणि तळाशी तळं साचू देऊ नका. व्हर्मिक्युलाइट चिमटीत दाबलं तर एखादा थेंब सुटावा, धार लागली तर जास्त झालं. एक भोक चिकटपट्टीने बंद करा.

एसीचं म्हणाल तर, जुलैत मेलेली अंडी एव्हाना पिवळी पडून घाण वास मारत असती. पांढरी आहेत ना? मग धीर धरा.

माडबनकर:
अवांतर विचारतो, रागावू नका. आमच्या आगरात गेल्या आठवड्यात घोयरा (आपल्याकडचा रंग बदलणारा सरडा) उकरत होता, माती बुजवून गेला. ती अंडी काढून अशी डब्यात उबवता येतील का? पोरं मागे लागलीत.

बेडूकराव:
नको हो. आपला घोयरा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो (१९७२ चा), त्याला धरणं नाही, अंडी काढणं नाही. ती घोयरीण असणार, अंड्यांसाठीच खाली उतरते. चार काठ्या रोवून जागा राखा म्हणजे कुणाचं कुदळ-फावडं लागणार नाही. पोरांना तेवढं काम पुरे.

रानजाई:
चार दिवसांनी लिहितेय. खळग्या भरून आल्या, ३२ पैकी २९ आता गुळगुळीत! दोन अजून चेपलेलीच आहेत. एकाला वास आला, ते काढलं. घाम अजून कुणालाच नाही. पुढे काय?

बेडूकराव:
ती दोन राहू देत, हात लावू नका. टोकाला चीर पडून नाकाडं बाहेर दिसलं की घाई करून ओढायचं नाही. पिल्लू तसंच दिवसभर, कधी जास्तही बसतं, पोटातला बलक शोषून घेत असतं. ओढलंत तर बलकाची पिशवी फाटते.

आणि फळमाश्यांची बाटली आजच मागवा, न उडणाऱ्या. नवी पिढी तयार व्हायला दोन आठवडे जातात. आठवड्याने दुसरी बाटली, म्हणजे खंड पडत नाही. पिल्लं दोन दिवसांत खायला लागतात आणि ३१ तोंडं आहेत. पिल्लं एकत्र ठेवलीत तरी पुढे एकमेकांना दबवतात, तेव्हा वेगळं ठेवायला पिंजरे लागतील, त्याचाही विचार आत्ताच करा. मैत्रिणीकडे निम्मी पाठवा, नर तिचाच होता ना!