एम-पेसा सफारीकॉमपासून वेगळे काढावे का?

जमाखर्च:
केनियात एक वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. सफारीकॉम या मोबाइल कंपनीकडून तिची एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा काढून घेऊन तिची स्वतंत्र कंपनी करावी की नाही, हा तो वाद. माझ्या मते करावी. मार्च 2007 मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा बहुसंख्य केनियन लोकांचे बँकेत खातेच नव्हते आणि नैरोबीत राबणाऱ्याला गावी पैसे धाडायचे तर बसचालकाच्या हाती पाकीट सोपवावे लागे, त्यामुळे तिचे उपकार मी नाकारत नाही. (‘पेसा’ हा स्वाहिली शब्द म्हणजे हिंदी महासागर ओलांडून गेलेला आपलाच ‘पैसा’.) परंतु सर्वांत जास्त सिमकार्डे ज्याची, देशाचे पाकीटही त्याच्याच हाती, अशी स्थिती झाली की ग्राहकाचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय तेथे 2011 मध्ये झाली खरी. पण कंपनी सोडली की एम-पेसाही सुटते, मग सोडणार कोण? सफारीकॉमच्या एजंटाला दुसऱ्या कंपनीचे काम करण्याची मुभा 2014 मध्ये स्पर्धा प्राधिकरणाने मिळवून दिली, आणि दोन कंपन्यांच्या मोबाइल-पाकिटांत थेट पैसे पाठवता येण्यासाठी 2018 उजाडावे लागले. अशा स्थितीत नवी कंपनी टिकणार कशी? आपल्या एस्सार समूहाने 2008 मध्ये ‘यू’ या नावाने तेथे मोबाइल सेवा सुरू केली आणि 2014 मध्ये गाशा गुंडाळला. तिचे ग्राहक एअरटेलकडे गेले आणि मनोऱ्यांसह यंत्रसामग्री सफारीकॉमकडे.

नैरोबीकर:
असहमत. ही सेवा रोज कशावर उभी असते, हे आपल्या मांडणीत कोठेच आले नाही. आमच्या वस्तीतील एजंटाचे दुकान म्हणजे हिरव्या रंगाची, जेमतेम एक माणूस मावेल अशी टपरी. जाळीमागे बसलेली बाई ओळखपत्राचा क्रमांक आणि रक्कम जाड वहीत लिहिते, सही घेते आणि तिच्या फोनवर संदेश वाजल्याशिवाय नोटा सरकवत नाही. तिचे गल्ले दोन: एक नोटांचा, दुसरा फोनमधला, ज्याला सगळे ‘फ्लोट’ म्हणतात. दुपारपर्यंत लोकांनी पैसे काढून नेले की नोटा संपतात आणि फ्लोट फुगतो. मग टपरीला कुलूप लावून ती बँकेत जाते, फ्लोट देऊन नोटा आणते आणि पुन्हा बसते. गावाकडे तर बँकच दूर असते. लाखो टपऱ्यांतली नव्हे, एका टपरीतली ही तोंडमिळवणी सांभाळतानाही घाम फुटतो, आणि आपण म्हणता की तोडून टाका.

शिवाय एम-पेसाचे उत्पन्न आता कॉलच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे. ते वेगळे झाले तर तुर्कानासारख्या विरळ वस्तीच्या भागात मनोरा कोणाच्या पैशाने उभा राहणार? ‘यू’चे म्हणाल तर ऑगस्ट 2010 मध्ये नियामकाने दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर कॉल पोहोचवण्याचे शुल्क 4.42 शिलिंगांवरून 2.21 वर आणले, एअरटेलने (तेव्हाचे नाव झेन) लगेच मिनिटाचा दर 3 शिलिंग केला, आणि त्या दरयुद्धात लहान कंपनीचा टिकाव लागणे कठीणच होते. तिचे मरण पाकिटात शोधू नये.

तारयंत्र:
दोघेही टोकाला गेला आहात. कंपनी तोडू नये, पण पैसे ज्या वाटेने जातात ती वाट कोणा एकाच्या मालकीची नसावी. आपल्याकडे 2016 मध्ये आलेली यूपीआय हे त्याचे उदाहरण समोर आहे.

नैरोबीकर:
यूपीआयचे उदाहरण येणार, हे मी धरूनच चाललो होतो. यूपीआयला मुळात बँक खाते लागते. एम-पेसा खाते नसलेल्यांसाठी निघाली आणि इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरही चालते. आणि वाट सामायिक असूनही आपल्याकडे ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच आहेत. कोणाचाही वाटा 30 टक्क्यांवर जाऊ नये हा 2020 चा नियम लांबत लांबत 2026 च्या अखेरीपर्यंत गेला आहे. तेव्हा उंटावरून शेळ्या हाकू नयेत.

जमाखर्च:
शेळ्या माझ्या नाहीत हे मान्य, पण हिशेब मला कळतो. कोरोनाच्या काळात केनियाच्या मध्यवर्ती बँकेने मार्च ते डिसेंबर 2020 पर्यंत 1000 शिलिंगांपर्यंतचे व्यवहार निःशुल्क ठेवायला लावले आणि लहान रकमांचे व्यवहार झपाट्याने वाढले. म्हणजे एरवी ते शुल्कापायी अडत होते. शुल्क उतरावे म्हणून दबाव आणायचा कोणी? या कंपनीत सरकारचाच 35 टक्के वाटा वर्षानुवर्षे राहिला. त्याच सरकारने जुलै 2023 मध्ये पैसे पाठवण्याच्या शुल्कावरील कर 12 वरून 15 टक्क्यांवर नेला. नफ्यातही हात आणि करातही हात असलेला पंच शिट्टी वाजवेल, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. म्हणूनच माझा आग्रह कायद्याने वेगळे करण्याचा आहे, विनंतीपत्रांचा नाही.

नैरोबीकर:
सरकारच्या दोन्ही हातांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, तेवढे मी मानतो. मनोऱ्यांच्या खर्चाचे उत्तर मात्र आपण अजून दिलेले नाही. आणि खरे सांगायचे तर माझ्या फोनमध्येही इथल्या अनेकांप्रमाणे दोन सिमकार्डे आहेत: बोलायला आणि इंटरनेटला स्वस्त पडते म्हणून एअरटेल, पैशांसाठी सफारीकॉम. दुसऱ्यावरून मी महिन्यात चार कॉलही करत नाही, पण ते काढून टाकायचा विचार एकदाही मनात आलेला नाही.